काका कॅमेरा निवडतात

आमच्या घरमालकांना, म्हणजे काकांना, कॅमेऱ्याबद्दल काही विचारायचं नसतं, हे मला कोणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. मी विचारलं. "काका, रोजच्या फोटोंसाठी साधासा मिररलेस कॅमेरा घ्यायचा आहे, कुठला घेऊ?" एवढं एक वाक्य. त्याचं उत्तर ते मला पाच वर्षं देत होते, आणि ते अजून पूर्ण झालेलं नाही.

मी तेव्हा भोपाळला एका शाळेत विज्ञान शिकवायचे आणि अवधपुरीत त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे. एकूण सात वर्षं राहिले. पहिली दोन वर्षं काका नोकरीत होते, त्यामुळे मला ते फारसे भेटलेच नाहीत, आणि आता मागे वळून बघताना तीच दोन वर्षं सुखाची होती असं वाटतं. ते कारखान्याच्या तपासणी खात्यात होते. आमच्या भागात कारखाना म्हटला की एकच, नाव घ्यावं लागत नाही. तयार होऊन आलेला प्रत्येक भाग मोजायचा आणि कागदावर पास किंवा नापास लिहायचं, हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. "पास करायला अक्कल लागत नाही बेटा, नापास करायला लागते," असं ते म्हणायचे. ही त्यांची नुसती म्हण नव्हती, जगण्याची रीत होती.

रिटायर झाल्यावर तपासायला भाग येईनासे झाले, तेव्हा घरात येईल ते तपासायला लागले. कलिंगड नापास. गवंड्याने घातलेली पायरी नापास. नवा पोळपाट त्यांनी दोन बाजूंनी मोजला, गोल नाही म्हणून सिद्ध केलं आणि पिपलानीच्या बाजारात परत देऊन आले. पुण्याच्या मुलाने स्वेटर पाठवला, तर डावी बाही पाव इंच लांब निघाली. काकू म्हणाल्या, "अहो, हात आत गेल्यावर कोण बघतं?" काका म्हणाले, "मी बघतो ना." स्वेटर पुण्याला गेला.

या माणसाने कॅमेरा घ्यायचं ठरवलं. कशासाठी, तर काकूंच्या रांगोळीसाठी.

काकूंची रांगोळी म्हणजे सणावारी काढतात तशी नव्हे. फाटकासमोरच्या फरसबंदीवर त्या रोज पहाटे ठिपके देऊन रांगोळी काढायच्या, आणि त्यांचा एक नेम होता: काल काढलेली आज नाही. गल्लीत जे घडलं असेल ते दुसऱ्या दिवशी ठिपक्यांत यायचं. समोरच्यांना नात झाली की पाळणा. नळाला तीन दिवस पाणी नाही की उपडी घागर. मी राहायला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी दाराशी एक चष्मा आणि पुस्तक होतं, ते माझंच चित्र होतं हे मला आठवड्याने कळलं. दहा वाजेपर्यंत गाड्यांच्या चाकांनी सगळं पुसून जायचं. काकूंना त्याचं काही वाटत नसे, पण काकांना वाटलं. रिटायर झाले त्या संध्याकाळी, हार गळ्यात असतानाच त्यांनी जाहीर केलं की आता रोज एक फोटो निघणार, आणि तो चांगल्या कॅमेऱ्यानेच निघणार.

"मोबाईलने काढा ना तोवर," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच मोबाईल घेऊन वाकलेसुद्धा. काकांनी लेन्सवर तळहात ठेवला.

"याने कडेचे ठिपके बाहेर पळतात. गोल रांगोळी अंड्यासारखी येते. तुझ्या काकूची रांगोळी मी अंड्यासारखी जपून ठेवू?"

"पण काहीच नसण्यापेक्षा..."

"घाई कशाची होऊन राहिली तुला?" ते म्हणाले. "रांगोळी काय, उद्या पण निघणार आहे."

मी मोबाईल खिशात घातला. भाडेकरूने घरमालकाशी किती वाद घालायचा असतो?

पहिलं वर्ष नुसत्या कागदावर गेलं. त्यांनी मोठ्या ताव कागदावर तक्ता आखला. आडव्या रकान्यात कॅमेरे, उभ्या रकान्यात गुण: वजन, पकड, सेन्सर, लेन्स, व्ह्यूफाइंडर, बॅटरी, हात हलला तर फोटो सांभाळण्याची सोय. आठ कॅमेऱ्यांचा तक्ता पुरा होत आला की कुठलीतरी कंपनी नववा काढायची. मग काका कपाळाला हात लावण्याऐवजी खूश व्हायचे. "बघ, घेतला असता तर फसलो असतो," म्हणायचे आणि नवा कागद आखायला घ्यायचे. या न्यायाने जगात कोणी कधी काही विकतच घेऊ नये, हे मी त्यांना तीनदा समजावून सांगितलं. त्यांनी तीनदा मान डोलावली.

माझा कॅमेराही त्याच चरकातून जाणार होता. वजन नुसतं वाचून कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी काकूंकडून कापडाच्या थैल्या शिवून घेतल्या आणि एकेका कॅमेऱ्याच्या वजनाची मुगाची डाळ काट्यावर मोजून त्यात भरली. हलका कॅमेरा, मधला कॅमेरा, जड कॅमेरा. ती थैली मी आठ आठ दिवस गळ्यात घालून शाळेत जायचं आणि मान दुखली का ते संध्याकाळी येऊन सांगायचं. मी घातली. का घातली ते मला विचारू नका, त्या माणसाला नाही म्हणता येत नसे. टीचर्स रूममध्ये सगळे विचारायचे, "मॅडम, ये किस बाबा का प्रसाद है?" जड कॅमेरा तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत फुटला आणि मुलांनी बाकाखालून तासभर डाळ वेचली.

त्याच शनिवारी मी न्यू मार्केटला गेले, दुकानदाराने जो पहिला दाखवला तो छोटा काळा मिररलेस घेतला आणि दहा मिनिटांत बाहेर आले. कॅमेरा चांगला आहे. फोटो चांगले येतात. त्याहून जास्त मला त्याच्याबद्दल काही सांगता येत नाही. पण हे काकांना कळलं तर त्यांचं काय होईल या धास्तीने मी तो कपाटात साड्यांखाली ठेवला आणि इंदूरला आईकडे जाताना तेवढा बाहेर काढायचे. स्वतःच्या कमाईची वस्तू चाळिशीत लपवून वापरणारी मी एकटीच असेन.

दुसऱ्या वर्षापासून प्रत्यक्ष तपासणी सुरू झाली. न्यू मार्केटचा तोच दुकानदार लग्नांसाठी कॅमेरे भाड्याने द्यायचा. काका त्याच्याकडून एकेक कॅमेरा आठवड्याकरता आणायला लागले. आता इथे त्यांनी जो नियम काढला, तो तपासणी खात्यातलाच माणूस काढू जाणे. तुलना करायची तर नमुना एकच हवा. रोज वेगळी रांगोळी असेल तर दोष कॅमेऱ्याचा की रांगोळीचा, हे कसं ठरवणार? म्हणून त्यांनी काकूंना सांगितलं की निवड होईपर्यंत रोज एकच रांगोळी काढायची. पंधरा ठिपके, पंधरा ओळी, मधे कमळ.

"कारखान्यात प्रत्येक भागाचा एक मास्टर असायचा," त्यांनी मला समजावलं. "अस्सल नमुना. मऊ कापडात गुंडाळून कपाटात. बाकी सगळं त्याच्याशी ताडून पाहायचं. मास्टरवर शंका घ्यायची नाही."

"आणि ज्या आठवड्यात कॅमेरा नसेल तेव्हा?"

"तेव्हाही हीच. मधेच दुसरी काढली की हात बदलतो."

"एक महिन्याचा तर प्रश्न आहे," काकू म्हणाल्या. त्यांनाही तसंच सांगितलं होतं.

महिन्याची चार वर्षं झाली. पाळणा नाही, घागर नाही, गल्लीत काय घडलं ते काही नाही, रोज सकाळी तेच कमळ. मला त्याचा संताप यायचा, आणि दुसरा संताप असा की माझी स्कूटर आत अडकलेली असायची. काकू पाटावर बसून रेघ ओढताहेत, काका शेजारी काळी छत्री धरून उभे, कारण ऊन आलं तर उजेड बदलतो. मग टेपने अंतर मोजायचं, तिपाई लावायची, बारा फोटो काढायचे. तोवर फाटक बंद. मुख्याध्यापिकेला मी उशिराची जी कारणं सांगितली त्यातलं सगळ्यात अविश्वसनीय कारण तेवढं खरं होतं.

कॅमेरे येत गेले आणि नापास होत गेले. दुकानदार हात जोडायचा. "अंकल, इतने में तो लोग शादी करके बच्चे की फोटो खिंचवाने आ जाते हैं." मुलाने पुण्याहून शेवटी एक उत्तम कॅमेरा पाठवून दिला. काकांनी खोकं उघडलंदेखील नाही. "मागणी केल्याशिवाय आलेला माल," असं त्यावर लिहिलं आणि परत केलं. मुलाने फोनवर माझ्यापाशी जे उद्गार काढले ते मी काकूंना सांगितले नाहीत. काकू एवढंच म्हणाल्या, "सकाळी तेवढे जवळ बसतात, बसू दे."

गेल्या वर्षी काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातही मोतीबिंदू म्हणून सगळं धूसर, वाचायचं नाही, स्क्रीनकडे बघायचं नाही. स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी मला खाली बोलावलं. चार वर्षांचे छापील फोटो एका पेटीत होते, प्रत्येकाच्या मागे तारीख, कॅमेऱ्याचं नाव आणि शेरा. ते तारखेप्रमाणे लावायचे आणि शेरे मोठ्याने वाचायचे. म्हणजे निवड करता येईल, या महिन्यात नक्की. मला रविवार होता आणि वह्या तपासायच्या होत्या. तरी बसले. बैठकीच्या फरशीवर फोटो मांडत गेले आणि वाचत गेले. काका कॉटवर उशीला टेकून ऐकत होते.

सुरुवातीचे शेरे तऱ्हेतऱ्हेचे होते. व्ह्यूफाइंडर लहान. पकड निसरडी. शटरचा आवाज मोठा. मग एके ठिकाणी आलं, "रेघ किंचित हलते. हात सांभाळण्याची सोय कमी." पुढचा कॅमेरा दुसऱ्या कंपनीचा, "रेघ हलते." त्यापुढचा तिसरीचा, "रेघ हलते. लेन्स सदोष." मग एक जुनाच कॅमेरा, दुसऱ्या वर्षी येऊन गेलेला, पाचव्या वर्षी पुन्हा आणलेला. दुसऱ्या वर्षी त्याच्यामागे लिहिलं होतं, "रेघ उत्तम, मात्र बॅटरी अपुरी." आता त्याच कॅमेऱ्यामागे होतं, "रेघ फार हलते. कंपनीने दर्जा घसरवला."

मी ते दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. तिपाई तीच, अंतर तेच. ठिपके दोन्हीकडे लख्ख होते, फरसबंदीच्या दगडावरचा ओरखडादेखील लख्ख होता. पहिल्यातली कमळाची रेघ दोऱ्यासारखी सरळ होती. दुसऱ्यातली रेघ फोटोत हलली नव्हती, दगडावरच हललेली होती. मी रोज तिच्या बाजूने स्कूटर काढत होते आणि मला दिसलं नव्हतं. मी पुढचे शेरे वाचायची थांबले.

"वाच ना," काका म्हणाले.

"काका, पुढे सगळीकडे तेच लिहिलंय."

"तेच म्हणजे?"

"रेघ हलते."

"सगळ्या कंपन्यांत?"

"सगळ्या."

काका पट्टीखालून हसले. तपासणी खात्यातलं काहीतरी सापडल्याचं ते हसणं होतं. "असं होत नसतं बेटा. एकच दोष सगळीकडे आला ना, तर माल नाही पाहायचा. पहिले मास्टर पाहायचा. आमच्याकडे नवीन पोरगा आला की त्याला हे पहिल्या दिवशी..."

तिथे ते थांबले.

काकू चहा घेऊन दारात उभ्या होत्या. कपबशी वापरणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं, स्टीलचा ग्लास दोन्ही हातांत धरला होता, आणि तरी चहा काठावर हिंदकळत होता. हेही मी रोज बघत होते. मी उठून ग्लास घेतला.

"केव्हापासून?" काकांनी विचारलं. मान दाराकडे वळवली, नीट दिसत नव्हतं तरी.

"दोन-अडीच वर्षं झाली असतील," काकू म्हणाल्या.

"सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला उठवलं असतं तिथून. आधी डॉक्टर, मग आराम. अन् तुम्ही आत पेपर वाचत बसले असते." मग म्हणाल्या, "तुम्ही एकेका कॅमेऱ्याला नावं ठेवून राहिले होते. मला बरं वाटायचं."

काका रडले. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून बजावलं होतं, त्याची काकूंनी लगेच आठवण करून दिली. मला त्या वेळी त्यांची कीव यायला हवी होती, पण खरं सांगते, मला राग आला. काकूंचे हात चांगले होते ती शेवटची वर्षं या माणसाने एकाच कमळात घालवली होती. मी वर गेले, कपाटातून माझा कॅमेरा काढला आणि त्यांच्या हातात आणून ठेवला.

"हा चार वर्षांपूर्वीच घेतलाय मी. घ्या, वापरा."

त्यांनी तो बोटांनी चाचपला. वजन किती, लेन्स कुठली, काही विचारलं नाही. "आता कशाचा फोटो काढू?" एवढंच म्हणाले आणि परत दिला.

पट्टी सुटली त्या दिवशी ते काकूंना डॉक्टरांकडे घेऊन गेले. गोळ्या सुरू झाल्या, चहा सांडेनासा झाला, पण बारीक रेघ काही परत आली नाही. त्यानंतर काका काळा चष्मा लावून घराबाहेर पडले आणि गल्लीतल्या प्रत्येक दाराशी जाऊन उभे राहिले. मी सोबत होते, कारण त्यांना मोबाईलमधलं नीट दिसत नव्हतं.

"भाभीजी, पाँच-सात साल पुराना कोई फोटो होगा? हमारे गेट के सामने का? कैसा भी चलेगा."

लोक आधी चक्रावले, मग शोधायला लागले. समोरच्यांकडे नातीला पहिल्यांदा घरी आणतानाचा फोटो निघाला, त्यात कोपऱ्यात पाळण्याची एक दोरी होती. कोपऱ्यावरच्या घरी नव्या गाडीच्या पूजेचा होता, त्यात चाकाखाली लिंबू आणि लिंबाखाली अर्धी घागर. कोणाच्या चपलेआड एक पंख, कोणाच्या सावलीत चार ठिपके. मोबाईलचे फोटो, अंधारातले, हललेले, कडा पळालेले. काकांनी एकही नाकारला नाही. प्रत्येकाला हात जोडून तो आपल्याला पाठवायला सांगितला. पंधरा दिवसांत एकूण नऊ मिळाले.

दहावा माझ्याकडे होता, मला माहीतच नव्हतं. मी राहायला आले त्या वर्षी स्कूटर घेतली होती आणि तिचा फोटो आईला पाठवला होता. तो आईच्या मोबाईलमध्ये सापडला. मी स्कूटरवर ऐटीत बसलेली, आणि चाकापुढे काहीतरी पांढरं. मी तो काका-काकूंना दाखवायला खाली नेला. दोघं पायरीवर बसले होते. काकूंनी एका नजरेत ओळखलं.

"ही कुत्रीला पिल्लं झाली होती ना, तेव्हाची. सहा होती. सगळी एका ओळीत काढली होती मी, शेपट्या वेगवेगळ्या."

"मी कशी नाही पाहिली?" काका म्हणाले.

"तुम्ही फर्स्ट शिफ्टला असायचे," काकू म्हणाल्या. "तुम्ही निघायचे तेव्हा नुसते ठिपके झालेले असायचे. अन् परत येईपर्यंत पुसून जायची."

काकांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, चष्मा कपाळावर केला आणि तो ऑपरेशन झालेल्या डोळ्याजवळ नेला. बोटाने मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. चारच पिल्लं होती. उरलेली दोन माझ्या चाकाखाली होती.

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बेटा, स्कूटर जरा मागे घेतली असती तर?"

इंदूरला बदली होऊन आता वर्ष होत आलं, अजूनही स्कूटर लावताना मी आधी चाकापुढे बघते.